पारवा आणि उंदरी

ज्योतिबा : परत इचारतो, हरणे. माझ्या माघारी मागावर कोण बसलं हुतं?

हरणाबाई : मांजर बसलं आसंल. आवं, आदी जेवून घ्या, कालवण गार व्हाया लागलंय.

ज्योतिबा : मांजर धोटा टाकत न्हाई. हिकडं ये. ह्या पट्ट्यावर हात ठेव.

हरणाबाई : ठेवला.

ज्योतिबा : काय लागतंय?

हरणाबाई : घोंगडं लागतंय. आनि काय लागायचं?

ज्योतिबा : थट्टा नगं. हा पट्टा मी परवा इनला. माझा ठोका मऊ, साऱ्या गावाला ठावं हाय. आन आता बघ, फळीगत घट्ट लागतोय. कुणीतरी माझं काम उसवलंय आन पुन्यांदा इनून ठेवलंय.

हरणाबाई : चिंचोक्याची खळ वाळली की घट्ट लागतंच की.

ज्योतिबा : सणगराच्या पोटच्याला खळ शिकवतीस? खळ वाळली तर सगळंच घट्ट लागंल. हा एकच पट्टा कसा? आन ही काय पयली येळ न्हवं. मी बाजाराला गेलो आन माघारी आलो, की कायतरी हाललेलं असतंय. धोटा मी उजवीकडं ठेवतो, तो डावीकडं सापडतोय.

हरणाबाई : झाडताना मीच हालवला आसंल.

ज्योतिबा : मगा मांजर, आता तू. एक काय ते ठरीव.

हरणाबाई : तुमचा वहीम कुणावर हाय ते तरी सांगा.

ज्योतिबा : सांगाया कशाला पायजे? बानं आमा दोघा भावांना मागाच्या एका खड्ड्यात बसवून इनायला शिकवलं. आकारामचा ठोका मी झोपंत वळखीन.

हरणाबाई : आकारामभावजी? आवं, वाटण्या झाल्यापासनं त्यांचा आन तुमचा शबूद न्हाई. भिंतीपल्याडनं खोकला ऐकू येतो, तेवढाच.

ज्योतिबा : खोकल्यावरनंच कळतंय, माणूस कान लावून बसलाय. बाचा माग माझ्या वाट्याला आला, तवापासनं त्याच्या पोटात दुखतंय. त्यात आता ही सुभेदाराची आर्डर. इस्लामपूरचा माणूस, दोन दारं शेजारी शेजारी, आन तो आला माझ्या दारात. ते कसं गोड लागंल?

हरणाबाई : मग उसवून परत इनत्याल कशाला? नासवायचंच आसलं तर कातर लावली आसती, मोकळं झालं आसतं.

ज्योतिबा : तितंच तर पेच हाय. कातर लावली तर लगीच पकडला जाईल. म्हणून रंग बदलत आसंल. आपलं पारवं सूत काढून न्यायचं आन त्या जागी त्याचं कायतरी दडपायचं. दुष्काळात सगळी मेंढरं गेली, एक पारवी मेंढी तेवढी जगली, ती बी आपल्या वाट्याची. तसली निळसर लोकर आता साऱ्या खानापूर तालुक्यात न्हाई. त्याला ती पायजे.

हरणाबाई : तुमाला दिसतोय व्हय रंग बदललेला?

ज्योतिबा : म्हंजे?

हरणाबाई : न्हाई, आपलं इचारलं. पट्ट्यात दुसरं सूत दिसतंय का तुमाला?

ज्योतिबा : दिसतंय की. थोडं... दिसतंय. तू आसं का इचारलंस?

हरणाबाई : सहज.

ज्योतिबा : सहज तू कायबी इचारत न्हाईस. हरणे, सूत तू काततीस, धोट्याच्या कांड्या तू भरतीस, मी न्हाई तवा घरात तू असतीस. कुणी आलं-गेलं तर तुला कळणार न्हाई, तर कुणाला? का तुला ठावं हाय आन तू त्याला झाकतीस?

हरणाबाई : मी जेवा म्हणती. तेवढंच म्हणती.

ज्योतिबा : न्हाई जेवत. आदी त्याच्या घरातली सुताची पाटी बघतो, मग जेवतो.

हरणाबाई : आवं, दुसऱ्याच्या घरात आसं... आवं! ऐका की!

* * *

(घटकाभरानं, ज्योतिबाच्या अंगणात. हरणाबाई ओढ्यावर लोकर धुवायला गेली आहे.)

लालासाहेब : राम राम ज्योतिबा! म्हटलं अचानक इन्स्पेक्शन करावं. कुठवर आलं आमचं घोंगडं?

ज्योतिबा : या सुभेदारसाब. देवावानी आलासा. साक्षीदार पायजेच हुता.

लालासाहेब : साक्षीदार? काय भानगड हाय? आन हा कोण असा मान खाली घालून हुभा? तुझा भाऊ न्हवं का, आकाराम?

आकाराम : व्हय. राम राम.

ज्योतिबा : सांगतो. आदी तुमी सांगा, तुमी माझ्याकडनं काय मागितलं हुतं? ह्याच्या देखत सांगा.

लालासाहेब : आरं, किती बार सांगू? काळं नको, पांढरं नको. नुसत्या करड्याच्याच पाच परी. राखी, धुरी आन ती बाकीची नावं तुलाच ठावं. वर चौकीवर आमी पहाटं ड्यूटी करायचो, सूर्व्या उगवायच्या आदी. बरफ करडं, डोंगूर करडा, आभाळ करडं. तरी बी डोंगराची कड कुठं सपती आन आभाळ कुठं सुरू हुतंय, ते वळखावंच लागायचं. आमचा सावळाराम एक दिवस वळखायला चुकला. फुडचं पाऊल त्यानं आभाळात टाकलं.

आकाराम : आरं देवा.

लालासाहेब : चांगला गडी हुता. आता पलटणीच्या मेसमधी त्याच्या नावानं भिंतीला लावायचंय. साब म्हणाले, लालासाहेब, तुम रिटायर हो गये तो क्या, तुमच्या मुलखातलं कायतरी आणा. म्हणून तुझ्याकडं आलो. हे पसंत पडलं की बाकीच्या भिंतींची आर्डर बी तुलाच.

ज्योतिबा : आन ती कड कशानं दाखवायची, म्हणालो मी?

लालासाहेब : पारवा आन उंदरी. पारवा निळसर, तो आभाळाचा. उंदरी मातकट, तो डोंगराचा. दोन्ही शेजारी शेजारी घालायचे. नाक लावून बघितलं तर एकच वाटतंय, मागं सरून बघितलं की मधी रेघ उठती. पौषात तूच इनून दाखवलंवतंस. मी तर बघतच राहिलो. म्हटलं, हीच ती कड!

ज्योतिबा : तर ऐका. पारवी लोकर ह्या गावात फक्त माझ्याकडं हाय. आन ह्या बघा दोन लडी. ही माझ्या घरातली. ही ह्याच्या पाटीतनं आत्ता काढून आणली, ह्याच्या डोळ्यादेखत. घ्या. उजेडात धरा. एकच सूत हाय का न्हाई, ते तुमीच सांगा.

लालासाहेब : आन हिकडं. बघू... आरं पर ज्योतिबा, ह्या दोन तर—

आकाराम : एकच हायत. मी चोरली.

लालासाहेब : काय?

आकाराम : मी चोरली, सुभेदारसाब. दादा बाजाराला गेल्यावर. दादाच्या घरातनं.

ज्योतिबा : ऐकलासा? आता तर पटलं?

लालासाहेब : ठैर जरा. आकाराम, हिकडं बघ. खाली नगं, माझ्याकडं बघ. ही लडी आन ही लडी, एक हाय?

आकाराम : हाय.

लालासाहेब : पलटणीत मी लई चोर बघितल्यात. रंगे हात धरला तरी न्हाई म्हणत्यात. तू तर इचारायच्या आदीच व्हय म्हणतोस.

आकाराम : दादा म्हणतोय, तर तसंच हाय. ह्या कामात दादाची नजर चुकत न्हाई.

ज्योतिबा : आता गोड बोलाया लागला! मागावर बी तूच बसलावतास?

आकाराम : व्हय.

ज्योतिबा : माझे पट्टे तूच उसवलंस?

आकाराम : व्हय.

ज्योतिबा : का? का रं? बाच्या मागापायी?

आकाराम : तसं समज.

ज्योतिबा : लाज न्हाई वाटली? एका ताटात जेवलो आपुन.

आकाराम : मी जातो, दादा. आणखी काय म्हणायचं आसलं तर मागनं म्हण.

ज्योतिबा : साब, माफी करा. घरातली घाण तुमच्या फुड्यात टाकली. पर घोंगडं मी पुरं करून देणार. आजपासनं मागाजवळनं हालत न्हाई.

लालासाहेब : घोंगड्याचं... बघू. मी पुन्यांदा यीन. आकाराम, एस्टीपतूर चल माझ्यासंगं. दोन शबूद बोलू.

आकाराम : नगं साब. चोरासंगं चालू नगा. माणसं बघत्यात.

* * *

ज्योतिबा : ये. लोकर धुवून झाली? पाटी ठेव खाली आन ऐक. पकडला.

हरणाबाई : कुणाला?

ज्योतिबा : तुझ्या भावजीला. सुभेदाराच्या देखत कबूल केलं त्यानं. सूत चोरलं म्हणाला, मागावर बसलो म्हणाला, उसवलं म्हणाला. सगळ्याला व्हय म्हणाला.

हरणाबाई : चोरलं म्हणाले? त्यांनी?

ज्योतिबा : सोताच्या तोंडानं. आता तुझी बारी. तुला ठावं हुतं का न्हाई, खरं सांग.

हरणाबाई : त्या लडी कुठं हायत?

ज्योतिबा : ह्या काय.

हरणाबाई : चला अंगणात. उन्हात चला. आता मी लडी पाठीमागं घेती... आन फुडं करती. ह्यातली आपली कंची?

ज्योतिबा : दोन्ही आपल्याच.

हरणाबाई : एकीकडं बोट दावा. आपल्या घरातली कंची?

ज्योतिबा : ... ही.

हरणाबाई : बरं. पुन्यांदा पाठीमागं घेती. आता?

ज्योतिबा : ही.

हरणाबाई : आता दुसरीच दावलीसा.

ज्योतिबा : तू हातचलाखी करतीस.

हरणाबाई : मग मी न्हाई सांगत. ती बघा सुलाबाई दारात भांडी घासतीया. तिला इचारू, ह्या दोन लडी एक हायत का. अगं ये सुला—

ज्योतिबा : नगं! हाक मारू नगंस.

हरणाबाई : का? तुमाला साक्षीदार पायजे हुता न्हवं?

ज्योतिबा : नगं म्हणतो ना.

हरणाबाई : ही आपली, पारवी. ही भावजींची, उंदरी. जतच्या धनगराकडनं त्यांनी लोकर आणली, ती मीच कातून दिली. मातीत आन आभाळात जेवढा फरक, तेवढा हाय. तुमाला कळत न्हाई. शिमग्यापासनं कळत न्हाई.

ज्योतिबा : ऊन लई हाय. डोळं दिपत्यात.

हरणाबाई : सावलीत बी तीच गत हाय. शिमग्याला तुमी डोंगराच्या जागी पारवा घातलासा आन आभाळाच्या जागी बी पारवाच. मधली रेघच गेली. म्हटलं, घाईत झालं आसंल. फुडच्या पट्ट्याला पुन्यांदा तसंच. मग मी कांड्या लावून द्याया लागले, उंदरी उजव्या हाताला, पारवा डाव्या हाताला. तर तुमी त्या हालवायचासा आन परत घोळ.

ज्योतिबा : मग मला सांगायला तुझं तोंड शिवलंवतं का?

हरणाबाई : सांगितलं आसतं, तर काय म्हणाला आसता? हरणीनं सुतात घोळ केला, म्हणाला आसता. भरीला घरात कोण आलंवतं, कुणी शिकवलं, ते काढलं आसतं. तुमचा सोभाव मला ठावं न्हाई? मला माग चालवाया येत न्हाई. शेवटी गेले भिंतीपल्याड. भावजी जेवत हुते. म्हटलं, तुमच्या दादाला करड्यातलं करडं दिसंना झालंय. हातातला घास ताटात ठेवला आन उठले. तवापासनं तुमी बाजाराला गेलासा की येत्यात, तुमचं चुकलेलं तेवढं उसवत्यात, इनत्यात आन जात्यात. पाणी दिलं तरी पीत न्हाईत. म्हणत्यात, दादानं बोलावल्याबिगर ह्या घरातलं पाणी नगं.

ज्योतिबा : म्हंजे तुमी दोघांनी मिळून मला येडं केलंसा.

हरणाबाई : व्हय. केलं.

ज्योतिबा : साऱ्या गावानं हसावं आसं.

हरणाबाई : गावाला काय ठावं? गावाला कळू न्हाई म्हणून तर तो माणूस चोर झाला. सुभेदारासमोर ह्या दोन लडी एक हायत म्हणालासा तुमी. ते सुभेदार आंधळे हायत व्हय?

ज्योतिबा : बस खाली, हरणे. हुभ्यानं बोलू नगंस माझ्याशी.

हरणाबाई : बसले.

ज्योतिबा : बाचं आसंच झालंवतं. आदी करडं गेलं, मग सगळंच. शेवटाला अंगणात बसायचा आन येणाऱ्या-जाणाऱ्याला इचारायचा, कोण हाय, कोण हाय... माझ्या मनात आलंच न्हाई आसं समजू नगंस. सकाळी मागावर बसलो की समदं धुक्यात पडल्यागत दिसायचं. मी म्हणायचो, कुणीतरी सूत बदललंय. कुणीतरी बदललंय म्हटलं, की जिवाला जरा बरं वाटायचं.

हरणाबाई : मला का न्हाई सांगितलंसा?

ज्योतिबा : तुला सांगितलं आसतं म्हंजे ते खरं झालं आसतं.

हरणाबाई : बाच्या येळंला त्यांना मिरजंला डोळ्याच्या डाक्टराकडं न्यायला कुणी नव्हतं. मी हाय. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ.

ज्योतिबा : मिरजंला जाऊ. पर आदी इस्लामपूर.

* * *

ज्योतिबा : आत ये की. उंबऱ्यात का हुभा?

आकाराम : वयनीनं निरोप धाडला, दादानं बोलावलंय म्हणून. चोराला आत घेतोस?

ज्योतिबा : आता तुला कुणी चोर म्हणणार न्हाई. चावडीवर सांगून आलोय.

आकाराम : काय सांगितलंस?

ज्योतिबा : जे हाय ते. त्याच्या आदी सुभेदाराला सांगितलं. मिरजंला जायच्या आदी इस्लामपूरला उतरलो हुतो. वाडा सापडंना. हरणी संगं हुती म्हणून बरं.

आकाराम : कशाला सांगितलंस, दादा? घालवलीस आर्डर. चोराच्या भावाकडनं बी घोंगडं घेत्यात लोक. ज्याला दिसत न्हाई त्याच्याकडनं कोण घील?

ज्योतिबा : म्हणून कबूल केलंस?

आकाराम : सुभेदार म्हणाला, ह्या दोन तर— फुडचा शबूद त्याच्या तोंडात आलावता. त्यो बाहेर पडला आसता म्हंजे सपलं. मला दुसरं काय सुचलं न्हाई.

ज्योतिबा : त्याला दिसलंवतं.

आकाराम : तवाच?

ज्योतिबा : तवाच. म्हणाला, ज्योतिबा, मला लगीच कळलंवतं, पर तुझा भाऊ इतक्या घाईनं चोर झाला, की त्याला खोटं पाडायचं माझ्याच्यानं झालं न्हाई.

आकाराम : आन घोंगडं?

ज्योतिबा : म्हणाला, दोघं मिळून करणार आसलासा तर करा. एकट्याचं नगं. तुझं बी नगं आन त्याचं बी नगं.

आकाराम : मिरजंचा डाक्टर काय म्हणाला?

ज्योतिबा : मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यात. पर अजून पिकला न्हाई म्हणाला. पिकला की मग कापायचा. तवर आणखी कमी दिसणार.

आकाराम : कापल्यावर दिसतंय?

ज्योतिबा : दिसतंय म्हणाला. जाड भिंगाचा चष्मा लागंल.

आकाराम : बाला बी दिसलं आसतं मग.

ज्योतिबा : व्हय. मिरजंपास्नं येताना गाडीत तेच डोस्क्यात फिरत हुतं.

आकाराम : वयनी कुठं गेल्या?

ज्योतिबा : च्या टाकतीया. आज पेणार न्हवं? आकाराम, मी तुझ्या पाटीत हात घातला. तुझ्या घरात शिरून. तुला वाईट वाटलं आसंल.

आकाराम : वाटलं की. अजून बी वाटतंय. ते काय च्या पेल्यावर लगीच जाणार न्हाई.

ज्योतिबा : ऱ्हाऊ दे. खोटं न्हाई बोललास, ते बरं केलंस. ह्या घरात आता तेवढं तरी नगं.

आकाराम : एक मातूर हाय. माझा ठोका तू वळखलास. मला वाटलंवतं, तुझ्यागत मऊ इनलंय.

ज्योतिबा : कसला मऊ? फळी केलीस घोंगड्याची. बा ओरडायचा, हात सैल सोड, हात सैल सोड. तू कवा ऐकलंस?

आकाराम : मग तू इन. मी सूत बघतो.

ज्योतिबा : सरक. खड्ड्यात उतरू दे मला. आता काय चाललंय, डोंगूर का आभाळ?

आकाराम : डोंगूर सपला. आता आभाळ.

ज्योतिबा : म्हंजे पारवा. दे कांडी.

आकाराम : ही घी. एकदा दाराकडं जाऊन, उजेडात धरून बघ.

ज्योतिबा : तू बघितलीस न्हवं?